अर्जात राहून गेलेला टोला

२८ जून २०१०, सोमवार
शाळेचा दुसराच दिवस आणि माझा घसा बसला. चौथीला धडा वाचून दाखवत होते. तीन ओळी होतात न होतात तोच डोक्यावरून विमान. आणखी तीन ओळी, दुसरं विमान. विमान कसलं, दोन-चार माणसांचं खेळणं. आवाज मात्र राइस मिलचा. शाळेला टिनाचं छत, त्यामुळे आवाज वरून येतो तो आतच फिरत बसतो. धावपट्टीवर वैमानिक शिकवायची शाळा उघडल्यापासून हे असंच. त्यांची पोरं उडायला शिकतात, म्हणून माझी पोरं वाचायला शिकत नाहीत. तीही शाळा, हीही शाळा. राग काढायचा कुणावर?
(इथून पुढे विमानाला नुसतं वि. लिहीन. पूर्ण शब्द लिहीत बसले तर वही पुरायची नाही.)

३० जून
वर्गात नवा नियम काढला. वि. आलं की वाचणं थांबवायचं, बोट शब्दावर ठेवायचं, गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू. पोरं दोन दिवसांत तरबेज झाली. पहिलीतल्या एकीची आई सांगत होती, "बाई, घरीबी तशीच बोलते वो. 'आई, मले...' म्हणते अन् चूप. वर पायते. मंग म्हणते, 'भूक लागली.'" सगळ्या बाया खो खो हसल्या. मी पण हसले. घरी आल्यावर काही हसू येईना.

३ जुलै, शनि.
सरपंच शाळेत आले. म्हणाले, "अर्ज करू. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुमीच लिवा." गावातली सगळी कागदपत्रं माझ्याच गळ्यात येतात. पण या वेळी मीच वाट बघत होते, कुणीतरी म्हणावं याची. दोन अटी घातल्या. एक, नुसतं रडगाणं लिहायचं नाही, आठवडाभराची नोंद जोडायची. दोन, सह्या झाल्यावर कुणी मागे सरायचं नाही. "मागं कोन सरते?" म्हणाले.
सातवीच्या मुलींना वही दिली. वि. आलं की रेघ, पाच झाले की आडवी रेघ.

१० जुलै
अर्ज झाला. चांगला झाला, माझं मीच म्हणते. पाऊस उघडला की वि. किती, धडा किती वेळा तुटतो, सगळं त्यात आहे. नकाशाही जोडला. सरपंचांनी तलाठ्याकडून आणलेल्या नकाशावरून मीच उतरवला. धावपट्टी मध्ये. उत्तरेला आमचं मोहगाव, शाळेसकट. दक्षिणेला मोकळी शेतं, पिपरीचा तलाव आणि तलावापलीकडे पिपरी. लिहिलं: "वि. दक्षिणेकडून फिरविल्यास कोणासही त्रास होणार नाही. पिपरी हे गाव तीन कि.मी. अंतरावर आहे." (अर्जात पूर्ण 'विमाने' लिहिलं, तेवढं भान आहे.)
पिपरी म्हणजे माझं माहेर. घरी आमचे मिलिंद चहा पिता पिता म्हणाले, "सासरचा तरास माहेरी पाठवून रायली का?" मी म्हटलं, तलावावर कुणाला त्रास होणार, माशांना? जशास तसं उत्तर दिल्याचा आनंद झाला.

१९ जुलै, सोम.
धावपट्टीवर बैठक. आम्ही सहा जण. वाटलं होतं फाटकावरूनच परत पाठवतील. पण तिथल्या मुख्य शिक्षकांनी (सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात) आत बसवलं, चहा दिला, अर्ज ओळ न् ओळ वाचला. मुलींच्या रेघांची वही पानोपान उलटून पाहिली. मग म्हणाले, "मैडम, मेरी बेटी भी चौथी में है."
भला माणूस. कागदावर लांबट गोल काढून समजावलं. शिकाऊ पोरं उडतात, डावीकडे वळून गोल फिरतात, उतरतात, पुन्हा उडतात. डाव्या बाजूला आम्ही आहोत. उजवीकडे वळवता येईल, पण वरून मंजुरी आणावी लागेल. "उधर कोई बस्ती?"
मी नकाशावर बोट ठेवलं. पिपरी, तीन किलोमीटर. सरपंच मागून म्हणाले, "उधर तो खाली धान है साब, धान."
सगळे हसले. परतताना कामठ्याला थांबून गरम भजी खाल्ली.

२५ जुलै, रवि. आषाढी पौर्णिमा
वर्षावास सुरू. दरवर्षीसारखी बाबांकडे टोल्यावर, पिपरीच्या धाकट्या वस्तीत, आले. विहारात आजपासून तीन महिने ग्रंथवाचन, अश्विन पौर्णिमेला समाप्ती. वाचणारे बाबाच. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून तेच वाचतात. बिड्या वळता वळता मोठेपणी अक्षरं शिकलेला माणूस, पण वाचायला लागले की कुणाची चुळबूळ नाही. संध्याकाळी लाईट जाते, म्हणून वाचन पाच ते सहा, उजेडात. माइक नाही. धानाच्या रोवणीवरून बाया परस्पर येतात, हौदावर पायाचा चिखल धुतात आणि चटईवर बसतात.
बाबांचा नियम जुना. मध्येच काही अडलं, कुणी खोकलं, बाळ रडलं, तर जिथे थांबले तिथून पुढे जायचं नाही. तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून. "तुटलेला ऐकून माणूस अर्धाच समजते."
यंदा आवाज फार बारीक झालाय. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, भ्यायचं कारण नाही, पण घसा जपा, जोरात बोलू नका. मी म्हटलं, यंदा दुसऱ्या कुणाला वाचू दे. रागावले. "यंदाचा पुरा करतो. मंग पाहू." 

९ ऑगस्ट, सोम.
आज वि. नाही! म्हणजे आहेत, लांब धावपट्टीच्या पलीकडे घरघर ऐकू येते, आपल्यावर नाही. चौथीने अख्खा धडा एका दमात वाचला.  मग एकीने विचारलं, "बाई, आता थांबाचं नाही का?" मला रडूच आलं. मूर्खासारखी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.
सरपंचांनी शाळेत पेढे वाटले. मला दोन दिले.

१७ ऑगस्ट
वहिनीचा फोन. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली, "बाबाचा वाचन मागं पडून रायला."
"काऊन? घसा दुखते का?"
"घसाबी दुखते. पन आता इमानं येतात ना आपल्यावरून. बाबा थांबतात, पुना पयल्यापासून घेतात. चार पानं होत होते, आता एक होते."
आपल्यावरून? मी म्हटलं, तलावावरून जात असतील, तुला जवळ वाटत असेल. वहिनी म्हणाली, "मी का आंधळी आहो?"

२२ ऑगस्ट, रवि.
टोल्यावर गेले. तलावाच्या पाळीवर उभी राहून पाहिलं. वि. धावपट्टीवरून येतं, तलावाच्या अलीकडेच वळतं आणि टोल्यावरून सरळ जातं. विहाराच्या निळ्या झेंड्यावरून. पोटावरची अक्षरं वाचता येतात.
पाच वाजता वाचन. पहिल्या परिच्छेदाला बाबा तीन वेळा थांबले. ग्रंथावर बोट ठेवून डोळे मिटून बसतात, आवाज जाईपर्यंत. मग पुन्हा पहिली ओळ. कुणी कंटाळून उठलं नाही, यानेच जास्त लागलं. चौथ्या वेळी आवाज चिरला. पाणी प्याले. सहा वाजता एक पान झालं होतं.
 बस पकडली आणि आले.

२३ ऑगस्ट
अर्जाची नक्कल काढली. तिसऱ्यांदा वाचतेय. "पिपरी हे गाव तीन कि.मी. अंतरावर आहे."
खरं आहे. गावठाण तीन किलोमीटरच आहे. टोला मात्र तलावाच्या अलीकडे, धावपट्टीपासून एकच किलोमीटर. तलाठ्याच्या नकाशात टोला नाही, पिपरीतच धरलेला. आणि मी? मी त्या टोल्यात जन्मले. शाळेच्या दाखल्यावर पिपरी, डी.एड.च्या फॉर्मवर पिपरी, लग्नाच्या पत्रिकेवर पिपरी. आम्ही टोल्यावरचे सगळेच असं लिहितो. हात आपोआप तसाच चालतो. नकाशा उतरवताना तलावाच्या अलीकडे माझं पेन क्षणभर थांबलं होतं का? थांबलं होतं असं आता वाटतं. पण मग मी गावठाणापासूनच मोजलं. वि. तलावावरून जातील अशी स्वतःची समजूतही घालून टाकली.
मिलिंदना सांगितलं. चेष्टा केली नाही. "सांग बाबाले," एवढंच म्हणाले.

३० ऑगस्ट
रजा टाकून एकटीच धावपट्टीवर गेले. कॅप्टनना विचारलं, तलावावरून का नाही नेत? म्हणाले, "तालाब पर पक्षी हैं मैडम. बगुले, बत्तख. एक भी टकराया तो बच्चा नीचे. इसलिए तालाब के इस तरफ़ से मुड़ते हैं." मग म्हणाले, "इस तरफ़ घर हैं, ये तो हमने ऊपर से देखा. आपके काग़ज़ में तो नहीं था."
आवाजात आरोप नव्हता, तरी कान तापले. माझ्या घरचे आहेत तिथे, असं सांगितलं. ते कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, लिहून द्या. वस्ती आहे असं कागदावर आल्याशिवाय वर काही पाठवता येत नाही. एक वाट सुचवली: पाचपर्यंत दक्षिणेकडून, शाळा सुटली की पाचनंतर उत्तरेकडून. पण दोन्ही गावांनी लिहून द्यायला हवं.

९ सप्टेंबर
काल पोळा. टोल्यावर गेले होते. बाबांच्या गळ्याला फडकं गुंडाळलेलं. वहिनी हळद-दूध देते, ते खाणाखुणांनी बोलतात, आवाज वाचनासाठी राखून ठेवतात. सांगायचं ठरवून गेले होते. बैलांच्या गडबडीत राहिलं, असं लिहावंसं वाटतंय. खोटं आहे. दुपारभर ते आणि मी ओसरीवर दोघंच होतो.

१८ सप्टेंबर
सरपंचांकडे गेले. पाचनंतरचं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बाई, तुमी आपल्या गावच्या का माहेरच्या?"
मी म्हटलं, अर्ज माझ्या हातचा, चूकही माझ्या हातची.
"चूक कायची? नकाशात नाही तं नाही. पाच वाजता आमची मानसं बांधीवरून घरी येतात, त्यायनं इमानं ऐकाची का?" मग जरा नरमले. "मले तुमचा राग नाही. पन गावाले का सांगू? पेढे वाटले ना मी."
बरोबर आहे त्यांचं. तेच तर अवघड आहे. वाईट माणूस कुणीच सापडत नाही, म्हणजे मीच उरते.

२६ सप्टेंबर, रवि.
सांगितलं.
बाबा ओसरीवर ग्रंथाला नवं कव्हर घालत होते. मी अर्जाची नक्कल पुढे ठेवली, म्हटलं वाचा. चष्मा लावून मनातल्या मनात वाचला. अक्षर ओळखलं असणारच. माझा पहिला 'अ' त्यांनीच पाटीवर गिरवून घेतलाय. "पिपरी हे गाव" या ओळीवर बोट थांबलं, तिथून वर गेलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून. तेव्हा मला धीर धरवेना. बाबा माझं चुकलं, म्हटलं, टोला लिहायचा राहिला, आणि हमसून रडले. चाळिशीला आलेली बाई.
त्यांनी रडणं ओसरू दिलं. मग फाटक्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत: "पत्ता तं मीच शिकवलो तुले. टोला लिवला तं मास्तर मागं बसवते, चिठ्ठी येत नाही. पिपरी लिव म्हणलो. माह्यीच चूक."
नाही बाबा, म्हटलं. त्यांनी हात वर केला.
पाचनंतरची वाट सांगितली. वाटलं खूश होतील, वाचन पुरं होईल. बराच वेळ कव्हर घालत राहिले. मग: "माह्या एका घंट्यासाठी कायले मांगतेस? दिवसभर टोल्यावर म्हातारे अन् लेकरं रायतात, ते मानसं नोहोत का?"
"मग काय मागू?"
"काही मांगू नको. टोला लिव. आहे तो लिव. मंग काय कराचं ते त्यायनं ठरवावं."

३ ऑक्टोबर
टोल्यावरच्या पोरींना घेऊन घरं मोजली. एक्केचाळीस. अंगणवाडी, विहार, दोन विहिरी, हौद. नकाशा मोठा काढला. पोरी भांडत होत्या, आमचं घर आधी लिहा, आमचं आधी. एक म्हातारी दारातून ओरडली, "माह्यी बकरीबी लिवजो!" बकरी लिहिली नाही, पण गोठा काढला तिचा.

६ ऑक्टो.
नवा अर्ज. खाली लिहिलं: "पूर्वीच्या अर्जात अर्जदाराकडून ही वस्ती नमूद करावयाची राहून गेली. त्यास मी जबाबदार आहे." मिलिंद म्हणाले, शेवटचं वाक्य काढ, नोकरी आहे तुझी. ठेवलं. बाबांनी सही केली आणि सहीखाली पत्ता लिहिला. टोला, मौजा पिपरी. टोला आधी.
सरपंचांनी सही केली नाही. पण अर्ज द्यायला जाते म्हटल्यावर स्वतःच्या गाडीवर फाटकापर्यंत सोडलं. "मी आत येत नाही," म्हणाले. बाहेर चहाच्या टपरीवर थांबले.

१२ ऑक्टो.
उत्तर नाही. कॅप्टन म्हणाले, वर पाठवलंय, वेळ लागेल. इकडे चौथी एका दमात वाचते. वाचन सुरेख झालंय त्यांचं, आणि दर वेळी ते ऐकताना मला तिकडची एक्केचाळीस घरं दिसतात. उद्या वि. परत आमच्यावर आले तर मी यांना काय सांगणार? बोट ठेवा म्हणून?

१८ ऑक्टो.
वहिनीचा फोन. बाबांचा आवाज पार बसला. चार दिवस राहिले आणि पानं उरलीत अकरा. दुसऱ्या कुणाच्या हाती ग्रंथ देत नाहीत, समोर उघडून नुसते बसतात. लोकही बसतात. तास झाला की उठतात.

२२ ऑक्टोबर, शुक्र. अश्विन पौर्णिमा
अर्धी रजा टाकून टोल्यावर. अजून उत्तर नाही. आकाश स्वच्छ धुतलेलं, म्हणजे वि. भरपूर.
शेवटचा दिवस म्हणून वाचन दुपारीच ठेवलं होतं. विहार भरला होता. खीर शिजत होती, समाप्तीची. बाबा आसनावर बसले, ग्रंथ उघडला, खूण काढली. मग माझ्याकडे पाहिलं आणि ग्रंथ माझ्याकडे सरकवला.  वहिनीने मला कोपराने ढोसलं, "जा ना वो."
मी वाचायला लागले.  बाया मान डोलवू लागल्या. मग तलावाकडून घरघर आली. सवयीने थांबले, शब्दावर बोट ठेवलं. वि. गेलं. सवयीनेच पुढचा शब्द तोंडात आला.
बाबांचा हात आला. माझं बोट धरून परिच्छेदाच्या पहिल्या शब्दावर नेऊन ठेवलं.
पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पुन्हा एकदा. दिवस कलत होता, दारातला उजेड चटईच्या कडेपर्यंत सरकला. अकरातली सहा पानं अजून उरली होती आणि लाईट येणार नव्हती. आचारी दारात येऊन विचारून गेला, खीर उतरवू का. बाबांनी मान हलवली, थांब. पोरींनी घराघरांतून कंदील आणले, मागितले नव्हते तरी. कुणीच उठलं नाही.
पुन्हा घरघर. मी थांबले, बोट आपणहून वर नेलं आणि वि. जायची वाट पाहत बसले.